चेहरा नव्हे, रंग उडाला

संपादक महोदय,

इंग्लंडमधल्या उमरावांच्या वाड्यांत टांगलेल्या राजकारण्यांच्या तैलचित्रांची छायाचित्रे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून छापून येतात. खाली ‘मूळ चित्र’ असे लिहिलेले असते आणि लेखात चेहऱ्यावरून स्वभाव सांगितलेला असतो: निस्तेज, आजारी, थंड रक्ताचा. पण आज दिसते ते सगळेच चित्रकाराने रंगवलेले नसते. काही काळाने केलेले असते, काही दुरुस्ती करणाऱ्यांनी.

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या होल्कम हॉल या वाड्यात अठराव्या शतकातला चित्रकार जोशुआ रेनल्ड्स याने रंगवलेले, त्या काळचा राजकारणी चार्ल्स जेम्स फॉक्स याचे चित्र आहे. जवळच्या कागदांत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरचे त्याचे विधेयक दिसते. संसदेच्या कॉमन्स सभागृहाने मंजूर केलेले हे विधेयक लॉर्ड्स सभागृहाने १७ डिसेंबर १७८३ रोजी फेटाळले आणि राजा तिसऱ्या जॉर्जने फॉक्सचे सरकारच बरखास्त केले. पुढे १७८४ च्या वसंतात, फॉक्स उमेदवार असलेली वेस्टमिन्स्टरची निवडणूक पेटलेली असताना, हे चित्र रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागले. हरलेले विधेयक चित्रात ठेवणे ही जाणूनबुजून केलेली गोष्ट आहे, त्यावरून निष्कर्ष खुशाल काढावा. रेनल्ड्सच्या चित्रांतल्या गालांच्या रंगावरून मात्र काढू नये.

कारण रेनल्ड्सने कातडीच्या छटांत कार्माइन वापरले. कोचिनीलच्या किड्यांपासून केलेला हा किरमिजी रंग उजेडाने उडतो. खालचा शिशाचा सफेदा तसाच राहतो, म्हणून चेहरा पिठासारखा पांढरा दिसू लागतो. त्याच्या हयातीतच काही चेहरे असे फिके पडले होते आणि लोक तक्रार करत होते. त्याच चित्रावरून त्या काळी छापलेले मेझोटिंट (धातूच्या पत्र्यावर कोरून काढलेला छाप) मिळाले तर शेजारी ठेवून पाहावे. त्यात रंग नसतो, पण गालावरची गडद-फिकी छटा टिकलेली असते.

तड्यांचेही तसेच. वयामुळे पडलेला तडा केसासारखा बारीक, धारदार कडांचा असतो आणि खालच्या अस्तररंगापर्यंत उतरतो. वाळताना पडलेला तडा रुंद, गोलसर कडांचा असतो आणि त्यातून खालचा रंगथर डोकावतो. गडद कोटात आणि पार्श्वभूमीत असे रुंद तडे जाळ्यासारखे पसरलेले दिसले तर बिट्युमेनची शंका घ्यावी. हा डांबरी तपकिरी रंग पुरता वाळतच नाही. वरचा थर आकसतो, खालचा सरकतो आणि रंगाची बेटे होतात. असा तडा ‘जुनेपणाचा पुरावा’ म्हणून दाखवणे चूक आहे. तो कच्च्या कृतीचा पुरावा आहे.

चित्र काळवंडले असेल तर बहुधा व्हार्निश पिवळे पडलेले असते. मॅस्टिकसारख्या राळेचे व्हार्निश काही दशकांत पिवळे-तपकिरी होते, मग निळा कोट हिरवट आणि पांढरा गळपट्टा लोण्याच्या रंगाचा दिसतो. ‘बटाटा किंवा कांदा फिरवा, चित्र उजळेल’ हा सल्ला अजून फिरतो. कृपया तो कुणी छापू नये. भाजीचा रस आणि ओल तड्यांतून आत जाते, खालचे सरसाचे अस्तर फुगते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. जाणकार आधी अतिनील दिव्याखाली पाहतो: जुने राळेचे व्हार्निश हिरवट चमकते, त्यावर नंतर केलेली डागडुजी काळी दिसते. मग कडेला काही मिलिमीटरची खिडकी करून कापसाच्या बोळ्याने द्रावक तपासतो. रेनल्ड्सच्या बाबतीत इथेही जपावे लागते. तो रंगातच राळ आणि मेण मिसळत असे, त्यामुळे व्हार्निश काढणारा द्रावक कधी रंगही उचलतो.

आता ‘मूळ’ या दाव्याविषयी. यशस्वी राजकारण्याच्या चित्राला मागणी असे: एक घरी, एक मित्राच्या वाड्यात, एक एखाद्या संस्थेत. त्यामुळे एकाच चेहऱ्याच्या अनेक आवृत्त्या निघत. चेहरा चित्रकाराचा आणि कपडे मदतनिसांचे, ही सर्रास पद्धत होती. कॅनव्हासची मापेही ठरलेली होती: डोके-खांद्यांसाठी ३० × २५ इंच, गुडघ्यांपर्यंतच्या चित्रासाठी ५० × ४०, पूर्णाकृतीसाठी ९४ × ५८. या तीन मापांना रेनल्ड्स १७८२ पासून अनुक्रमे ५०, १०० आणि २०० गिनी (त्या काळचे इंग्रजी सोन्याचे नाणे) घेई. क्ष-किरणांत हाताची जागा बदललेली किंवा कागद नंतर घातलेला दिसला तर ते पहिले चित्र असण्याचा संभव वाढतो, कारण नक्कल करणारा सहसा चाचपडत नाही. चित्रावर पिवळ्या अक्षरांत लिहिलेले, चित्रातल्या व्यक्तीचे नाव पुष्कळदा पुढच्या पिढीतल्या मालकाने लिहवलेले असते आणि ते चुकलेलेही असू शकते. पाठीमागचा कॅनव्हास विक्रेत्याचा शिक्का जास्त भरवशाचा, कारण दुकानाचा पत्ता बदलला की शिक्काही बदले. पण जुन्या कॅनव्हासला मागून नवे कापड चिकटवलेले असेल तर तो शिक्का झाकला जातो. ते कापड गरम इस्त्रीने चिकटवताना समोरचा जाड रंगही चेपला जातो, आणि मग हातोटीवरून चित्रकार ओळखणे अवघड होते.

म्हणून विनंती अशी की, असे चित्र छापताना खालच्या ओळीत चित्रकार, साल, माप, वाड्याचे नाव आणि ‘स्वहस्ते’, ‘कार्यशाळेतील’ की ‘नक्कल’ हे द्यावे. ही माहिती वाड्याच्या किंवा संग्रहाच्या सूचीत सहसा मिळते. सूचीत चित्रकाराच्या नावाआधी ‘after’ (‘नंतर’) हा इंग्रजी शब्द असेल, तर ती त्याच्या चित्रावरून केलेली नक्कल असते. तिला ‘मूळ’ म्हणू नये.

आपला,
एक चित्रसंवर्धक