चुन्याला गंधक नडतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोकापूर-बागलकोटकडे चुनखडी रग्गड आणि चिक्कोडी-अथणीकडे साखर कारखान्यांची धुराडी. त्यामुळे ‘चुन्याने कार्बन डायऑक्साइड धरू’ हे आपल्याकडे सहज सुचते. सुचते ते चुकीचे नाही. चुनखडी ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो, तो ६५० अंशांच्या सुमारास धुरातला वायू ओढून पुन्हा चुनखडी होतो, आणि ती पुन्हा भाजून हे चक्र फिरत राहते. हिशेबातून सुटतो तो धुरातला गंधक.

सल्फिटेशनच्या कारखान्यात, म्हणजे जिथे रस गंधकाने स्वच्छ करतात तिथे, उसाच्या रसात चुना आणि गंधकाचा धूर आपण मुद्दाम सोडतो. त्यांचे किती जमते, ते रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्या खरवडणाऱ्याला विचारा! भट्टीत त्याच जोडीचे कॅल्शियम सल्फेट होते आणि ते भाजणीच्या तापमानाला फुटत नाही. १ टक्का गंधकाच्या १ टन कोळशात १० किलो गंधक असतो. तो सगळा भिडला तर १७.५ किलो चुना, म्हणजे सुमारे ३१ किलो शुद्ध चुनखडी, कायमची बाद. प्रत्यक्षात फटका याहून मोठा. सल्फेट चुन्याच्या पावणेतीन पट जागा घेते, दाण्याच्या कडेची छिद्रे बुजवते, आणि आतला चुना शाबूत असूनही वायू तिथवर पोचत नाही. नुसत्या भाजण्यानेही छिद्रे मिटतात, पन्नासेक फेऱ्यांनंतर जेमतेम १० टक्के चुना कामाचा उरतो. त्यात ही भर.

धूर आधी धुऊन घेतला तरी अर्धेच काम होते. भाजणीच्या भट्टीत जळण चुन्यातच जळते, त्यामुळे त्यातला गंधक आणि राख थेट दाण्यांवर बसते. तिथे बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, बरा, गंधक नगण्य. पण त्यात निम्मे पाणी असते, आणि भाजणीच्या वेळी वाफ छिद्रे लवकर मिटवते. राखेतल्या पोटॅशने दाणे चिकटून गठ्ठे होतात, ते वेगळेच. हंगाम संपल्यावर कोजनला, म्हणजे कारखान्याच्या वीजनिर्मितीला, कोळसा लावला, तर गंधकाचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

फिरत्या चुन्याचा नमुना दर पाळीला काढावा. पूर्ण भाजून त्यातला १ ग्रॅम ६५० अंशांवर कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून वजन करावे. ताजा शुद्ध चुना पुरता भरला तर १.७९ ग्रॅम होतो, १.०८ वर आला की जुना माल काढून ताजी चुनखडी घालावी. नमुन्यात सल्फेटही तपासावे, नाहीतर दोष भाजणीचा की गंधकाचा ते कळत नाही. काढलेला चुना फेकू नये, पुढच्या धुरातला गंधक धरायला तो अजून चालतो. सिमेंटवाल्याला द्यायचा तर सल्फेटचा आकडा आधी सांगावा. जास्त झाले तर त्यांच्या प्रीहीटरचे, म्हणजे कच्चा माल भट्टीआधी तापवणाऱ्या मनोऱ्याचे, सायक्लोन तुंबतात.

साखर कारखान्यातील एक केमिस्ट,
निपाणी