मंत्रिमहोदय, लायनफिशच्या काट्याला बर्फ लावत नाहीत

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

आपलं नाव आणि खातं वर मुद्दाम घातलेलं नाही. खातेपालट झाला की पत्रं जुन्याच दालनात पडून राहतात. ज्यांच्या टेबलावर हे येईल त्यांनी ते आपलंच समजावं.

गेल्या वर्षी आपण सांगलीत आला होतात. घाटमाथ्यावरची माणसं आता सुट्टीत मालवणला बुडी मारतात, काहीजण पुढे लक्षद्वीप, अंदमान गाठतात. त्यांना पाण्याखाली काय दिसेल हे सांगणारी मराठी पुस्तिका काढू आणि ती जाणकारांकडून तपासून घेऊ, असा शब्द आपण व्यासपीठावरून दिलात. टाळ्या आम्हीही वाजवल्या. पुस्तिका आता हातात आली आहे. बत्तीस पानं, गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर आपली छबी, आणि माशांचे फोटो तिच्याहून लहान. तपासणीचं काय झालं ते पान ७ उघडलं की कळतं.

पान ७ म्हणतं, ‘लायनफिशचा काटा लागल्यास त्वरित बर्फ लावावा.’ साहेब, उलटं आहे. लायनफिशच्या पाठीवर १३ विषारी काटे असतात, पोटाखालच्या परांतही असतात. दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरलेले देखणे पर, ज्यांना लोक हात लावायला जातात, ते विषारी नसतात. पण तिथवर हात गेला की पाठ लांब राहत नाही. विष प्रथिनांचं असतं, ते उष्णतेनं मोडतं. म्हणून दिसणारे काट्याचे तुकडे काढायचे आणि हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा, ४५ अंशांच्या वर नाही, ३० ते ९० मिनिटं. पाणी आधी दुसऱ्या, धड हातानं बघायचं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही आणि वर भाजल्याची जखम होते. मग दवाखाना. बोटीवर यासाठी लागतो दोन थर्मास पाणी आणि एक थर्मामीटर. बर्फाच्या पेटीपेक्षा स्वस्त पडतं.

पान ८ वर ‘प्रवाळ खडकाचे सौंदर्य’ असा फोटो आहे. त्यातल्या ‘खडका’च्या मधोमध खाली वळलेल्या तोंडाची कमान आणि वर दोन बारीक डोळे दिसतात. तो स्टोनफिश आहे. त्याच्याही पाठीवर १३ काटे, पातळ तळव्याच्या बुटातून आरपार जाणारे. ज्यानं फोटो निवडला त्याला मासा दिसला नाही, आणि ज्यानं सही केली त्यानं फोटोच बघितला नसावा. नवख्या माणसानं तळाला पाय का टेकायचा नाही, हे सांगायला याहून चांगलं चित्र मिळालं नसतं. ते हातात असून वाया घालवलंत.

पान ११, टायटन ट्रिगरफिश. ‘हा मासा अंगावर आल्यास पटकन वर यावे.’ या वाक्यानं माणूस मरेल. ट्रिगरफिश घरट्यावर बसलेला असला की त्याची हद्द तळापासून वर जाताना नरसाळ्यासारखी रुंद होत जाते. सरळ वर गेलात तर तुम्ही त्याच्याच हद्दीत राहता. आडवं पोहत बाहेर पडायचं, तोंड त्याच्याकडे, मध्ये आपले फिन्स, म्हणजे पायातले रबरी पंख. चावला तर रबराला चावेल. आणि ‘पटकन वर’ तर कशासाठीच नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरलेला श्वास रोखून माणूस वर आला तर फुप्फुसातली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटतं. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको, आणि खोल बुडीनंतर पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. हे पहिल्याच धड्यात शिकवतात.

क्लाउनफिशचं ‘आई, बाबा आणि बाळे’ हे चित्र गोड आहे, फक्त खरं नाही. समुद्रफुलात राहणाऱ्या टोळीत सगळ्यात मोठी ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा नर, बाकीचे लहान, आणि सहसा तिची पिल्लं नसलेले. मादी मेली की नर स्वतः मादी होतो आणि खालचा एकजण बढती घेतो. खातेपालट तिथेही होतो, पण तिथे काम अडत नाही. मोरे ईल तोंड वासते ती श्वास घेण्यासाठी, धमकी देण्यासाठी नाही. तिच्या बिळात बोट घातलं नाही तर ती काही करत नाही. पॅरटफिश, शेवंड, पाकट यांची पानं बरी आहेत, सोडून देतो.

समुद्रसाप मात्र सोडता येत नाही. ‘दंश झाल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस घ्यावी.’ आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरची आहे. हे इथल्या उसाच्या फडात काम करणाऱ्यालाही ठाऊक असतं. समुद्रसापावर तिचा भरवसा नाही. दंशाचा भाग हलवायचा नाही, दाबपट्टी बांधायची आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठायचं. ते किनाऱ्यापासून किती तासांवर आहे हा पुस्तिकेबाहेरचा प्रश्न झाला.

मुखपृष्ठावर एक तरुण अंगठा वर करून पोवळ्यावर उभा आहे. एक, पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘छान’ नाही, ‘वर चला’ असा होतो. दोन, गोळ्यासारखं वाढणारं कठीण पोवळं वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर वाढतं. पायाखालचा फुटबॉलएवढा गोळा दहा-बारा वर्षांचा आहे. तीन, सगळी कठीण पोवळी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शासनानं वाघाच्या पाठीवर माणूस उभा करून पुस्तिका छापली असती का? माणूस पोवळ्यावर का उतरतो, तर कमरेला शिसं जास्त बांधलेलं असतं. जॅकेटमधली हवा काढून नेहमीचा श्वास धरला की पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं आणि श्वास सोडला की बुडायला हवं, इतकंच वजन. सिलिंडर संपत आला की दोनेक किलोनं हलका होतो, तेवढी भर घालायची. नवखा खाली लवकर बसावा म्हणून चार-सहा किलो जास्त लटकवतात आणि तो तळ तुडवत फिरतो. बोटीचा नांगर काय करतो ते यापेक्षा वाईट. नांगराऐवजी बोट बांधायला तरंगता बोया लावू, हाही शब्द आपलाच होता.

शेवटच्या पानावर सहलीचं वेळापत्रक : ‘सकाळी तीन डाइव्ह, दुपारी निघून रात्री सातारा.’ आठ मीटरवर पंधरा मिनिटं डुंबून येणाऱ्याला याचा त्रास व्हायचा नाही. पण तीन सिलिंडर संपवलेला माणूस त्याच दुपारी घाट चढणार, आंबोली ६९० मीटर, सातारा स्वतः सातशेच्या आसपास. एका बुडीनंतर १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये म्हणतात, ते सहाशे मीटरच्या पुढच्या उंचीसाठीच. बुडीत रक्तात मुरलेला नायट्रोजन उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे धरतो, आणि त्याला विमान आणि लालपरी यातला फरक कळत नाही. रात्री मुक्काम लिहा, हॉटेलवालेही दुवा देतील.

या सगळ्या चुका आम्ही अकरा पानांत लिहून दोनदा दिल्या. पहिल्यांदा आवक क्रमांक मिळाला. दुसऱ्यांदा ‘छपाई झाली, आता पुढच्या आवृत्तीत बघू’ असं उत्तर मिळालं. पुढची आवृत्ती कधी, तर ही संपल्यावर. प्रती किती, तर कोणी पाच हजार म्हणतं, कोणी दहा. म्हणजे दहा हजार घरांत बर्फ पोचल्यावर थर्मासचा विचार होणार. जाहिरात-छपाईचं टेंडर सगळ्यात कमी दरवाल्याला जातं, तो नेटवरचे फोटो उचलतो, मजकूर भाषांतराच्या यंत्रातून काढतो, आणि तपासणीच्या रकान्यात कोणाची तरी आद्याक्षरं पडतात. आमच्याकडे पाण्याचा कागद आणि पाणी यात किती अंतर असतं ते कृष्णा दर काही वर्षांनी दाखवते. २००५, २०१९, २०२१. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला माणसांसकट उलटलेली बोट आम्ही विसरलेलो नाही. म्हणून पाण्याबद्दलचा चुकीचा छापील शब्द बघितला की आमचा तोल जातो; भाषा कडक वाटली असेल तर कारण हे आहे.

प्रती परत मागवा. ते जमणार नसेल तर पान ७, ११, समुद्रसापाचं पान आणि वेळापत्रक यांवर चिकटवायला दुरुस्तीच्या पट्ट्या छापा. मजकूर तयार आहे, मानधन नको. प्रत्येक डाइव्ह बोटीवर ऑक्सिजन, गरम पाणी आणि जेलीफिशच्या डंखासाठी व्हिनेगर सक्तीचं करा. बोये लावा.

आपले,
सांगली-मिरजेतले काही डायव्हिंग प्रशिक्षक आणि हौशी डायव्हर

ता. क. : मलपृष्ठावर ‘कोकणचा राजा’ म्हणून जो काळा, खवल्यांना पिवळी किनार असलेला मासा छापला आहे, तो फ्रेंच एंजलफिश आहे. राहणार अटलांटिक महासागर.