पोर्टोला रेडवुड्स कॅम्प : निघण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी,

शनिवारी आपण कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डोंगरात, पोर्टोला रेडवुड्स उद्यानात तंबू ठोकतोय. तिथे मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा घरूनच उतरवून घ्या. शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, उजेडात पोहोचा.

रेडवुडच्या झाडांच्या दाट सावलीत ऊन जेमतेम उतरतं. उन्हाळा असला तरी रात्री स्वेटर, कानटोपी लागतेच. जंगलातली वाळकी काटकीही उचलायची नाही, सरपण विकतचंच.

आता मुख्य मुद्दा, जो मागच्या वेळी कुणी फारसा मनावर घेतला नाही (चिवडा आठवतोय ना?). खाण्याचा कणही जमिनीवर राहू देऊ नका. मार्बल्ड मरलेट हा समुद्रपक्षी याच जुन्या झाडांच्या उंच फांद्यांवर एकच अंडं घालतो. आपल्या खरकट्याला सोकावलेले ‘स्टेलर्स जे’ नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे ते अंडं फस्त करतात. त्यामुळे जेवण झालं की डबे लगेच तिथल्या बंद कपाटात, टूथपेस्टसुद्धा. रॅकून तंबूची चेन सहज उघडतात.

रात्री 10 नंतर अंताक्षरी बंद. पोह्यांचं सामान कोण आणतंय, ते गुरुवारपर्यंत कळवा.