काकाजी, तुमचे आभार जाहीरच मानतो

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

वायुसेनेतून निवृत्त होऊन तुम्ही गावी आलात, कापूस-तुरीच्या मागे लागलात, आणि हेलिकॉप्टरचं काम सुटलं असं गावाला वाटलं. मला माहीत आहे ते सुटलेलं नाही. एव्हिऑनिक्स, म्हणजे हेलिकॉप्टरमधली इलेक्ट्रॉनिक उपकरणं सांभाळणारी टीम माझ्याकडे आल्यापासून फोनवर तुम्ही मला जे शिकवत आलात, ते पांढरकवडा-घाटंजीकडच्या डिप्लोमा करणाऱ्या पोरांनाही कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

तो रेडिओचा बिघाड आठवतो ना? जमिनीवर सगळं ठणठणीत, मशीन हवेत गेलं की खरखर. रेडिओचा डबा बदलून झाला. काढलेला डबा बेंचवर तपासला, तोही निर्दोष. 'बिघाड आढळला नाही' एवढं लिहून मोकळं व्हायचं बाकी होतं. गोठ्याजवळ, जिथे रेंज येते तिथे उभं राहून तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "डब्बा काहून बदलवून राह्यला? हवेत गेल्यावर काय हालते, थे पाय."

रोटर फिरायला लागला की त्याची कंपनं प्रत्येक वायरला हलवतात. आम्ही फ्लोअर पॅनेल उघडलं आणि अँटेनाकडे जाणारी केबल हाताने चाचपत गेलो. एका क्लॅम्पची रबरी गादी झिजली होती. तिच्याखाली केबलचं आवरण तुरीच्या डाळीएवढं घासून आतली जाळी उघडी पडली होती. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीला ते आरशात दिसलं.

तुम्हाला आनंद झालाच, पण लगेच म्हणालात, "तिचं नाव हँडओव्हरमंदी लिवजो" – म्हणजे पुढच्या शिफ्टसाठी लिहून ठेवतो त्या नोंदीत. त्या एका वाक्याने माझी टीम बदलली. आता शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यात नवा माणूस आधी बोलतो, मी शेवटी; मी आधी बोललो की बाकीचे माना डोलावतात. गेल्या पावसाळ्यात एक पोरगा स्वतःहून आला, "सर, माझा स्क्रूड्रायव्हरचा एक बिट सापडत नाही." टूलबोर्डवरची एक जागा रिकामी असली तरी मशीन हँगरबाहेर जात नाही. उड्डाण थांबवलं, रात्री उशिरा बिट सीटखाली मिळाला. तो पोरगा न घाबरता आला, काकाजी, याचं श्रेय मी तुम्हाला देतो.

'सकाळी मशीन हवंच' असे फोन येतात, तेव्हा मशीन उडायला योग्य असल्याच्या सर्टिफिकेटवर सही करण्याआधी तुमचं म्हणणं आठवतं: "सही तुयी हाये, घाई त्यायची हाये." निवडणुकीत गडचिरोलीतल्या आतल्या केंद्रांवर मतदान पथकं हेलिकॉप्टरने जातात. त्यात बसलेल्या मास्तरांना आपली सही कधी दिसत नाही, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत. ऑटोपायलटचं काम असो की जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरचं, माझं काम दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासलं की मला आता कमीपणा वाटत नाही, धीर येतो.

तुम्हाला यासाठी कोणी पगार देत नाही. वेचणीच्या ऐन घाईतही तुम्ही माझा फोन उचललात. मनापासून आभार.

दिवाळीला येतोय. दोन नव्या पोरांना सोबत आणतो. पिटो-स्टॅटिकच्या, म्हणजे हवेच्या दाबावरून वेग आणि उंची दाखवणाऱ्या नळ्यांच्या, लीक टेस्टमध्ये गळती कशी शोधत जायची, ते त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचाच,
शेजारच्या घरचा पोरगा