ज्वलनरोधक रसायने आणि पेशींची ऊर्जा

ज्वलनरोधक रसायनांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. थायरॉइडवरील परिणामांची चर्चा त्यात नेमकी आहे, मात्र पेशींच्या ऊर्जानिर्मितीवर होणाऱ्या आघाताची एका वाक्यात बोळवण झाली, हे खटकले. जुन्या टीव्ही-संगणकांच्या प्लॅस्टिकमधील पीबीडीई गटाची ब्रोमीनयुक्त ज्वलनरोधक रसायने त्यात केवळ मिसळलेली असतात, रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. म्हणूनच ती सुटून धुळीत उतरतात आणि शरीरातील चरबीत साठत जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, यांपैकी बीडीई-४९ हे रसायन अत्यल्प मात्रेतही तंतुकणिकांमधील (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींची ऊर्जाकेंद्रे) श्वसन आणि एटीपी या ऊर्जावाहक रेणूची निर्मिती यांची सांगड तोडते. म्हणजे ऑक्सिजन खर्ची पडतो, पण ऊर्जा पुरेशी हाती लागत नाही. हे प्रयोग उंदरांच्या चेतापेशींवरचे होते, माणसांवरचे नव्हेत, हे मान्य. पण वाढत्या वयातील मेंदूची ऊर्जेची गरज पाहता ही बाब किरकोळ म्हणता येणार नाही.

याच गटातील पेंटा आणि ऑक्टा-बीडीई या मिश्रणांच्या उत्पादनावर व आयातीवर २०१८ च्या नियमांनी देशात बंदी आली, तरी त्याआधीचे सामान आज भंगारात निघते आहे. अंबड परिसरात टीव्हीची काळी झाकणे हातोडीने फोडणाऱ्या मुलांच्या भुवयांवर ती धूळ बसलेली दिसते, आणि तोंडाला साधा रुमालही नसतो. महापालिकेने ठरावीक वारी घंटागाडीतून ई-कचरा वेगळा उचलून तो थेट परवानाधारक केंद्राकडे पाठवावा आणि उघड्यावरची ही फोडाफोड बंद करावी.

– एक वाचक, सिडको, नाशिक