रहीम साहेबांच्या नावाने कच्च्या पायाची स्पर्धा भरवा

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

11 जून हा भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा स्मृतिदिन. 1963 साली फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले, तेव्हा त्यांचं वय 53 होतं. त्याच्या नऊच महिने आधी, 4 सप्टेंबर 1962 रोजी, त्यांच्या संघाने जकार्त्यात दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकलं होतं. त्यानंतर फुटबॉलचं आशियाई सुवर्ण भारताला आजवर मिळालेलं नाही. प्रशिक्षकांना दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला 1985 साली, म्हणजे साहेबांना जाऊन 22 वर्षं झाल्यावर.

ते हैदराबादचे, मग हे पत्र महाराष्ट्राच्या मंत्र्यांना कशासाठी? कारण त्यांच्या कामाची सगळ्यात लखलखीत पावती मुंबईत फाटली. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईतला रोव्हर्स चषक जिंकला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकणारा नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटांकडून खेळायचा. जकार्त्याच्या सुवर्णसंघातला फॉर्च्युनातो फ्रँको आपल्या शेजारच्या गोव्याचा. आणि 1891 साली सुरू झालेला तो रोव्हर्स चषक 2000-01 च्या हंगामानंतर बंद पडला.

आम्हाला पुतळा नको, चौकाला नाव नको. साहेबांची एक पद्धत आपल्या शाळांच्या मैदानावर उतरवा, एवढंच मागणं आहे.

साहेब मुळात शाळामास्तर. हैदराबादेत ते मुद्दाम अशा स्पर्धा भरवत की ज्यात फक्त कच्च्या, म्हणजे कमी सवयीच्या पायाने खेळायचं, किंवा ड्रिबल, म्हणजे बॉल पायाशी ठेवून चकवत नेणं, अजिबात करायचं नाही. यामागचा हिशेब साधा होता. ज्या पोराला एकच पाय चालतो, त्याला बॉल आला की आधी तो चांगल्या पायावर घ्यावा लागतो. त्या सेकंदात समोरचा बॅक, म्हणजे बचावपटू, अंगावर येतो. दोन्ही पाय चालले तर बॉल आला तसाच, एका टचमध्ये पुढे जातो. एका टचचा खेळ हाच साहेबांच्या संघांचा कणा होता.

हंगेरीने 1953 साली वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 ने लोळवलं, ते सेंटर फॉरवर्डला, म्हणजे मधल्या आघाडीच्या खेळाडूला, मागे ओढून. साहेबांनी ती युक्ती आपल्या खेळाडूंत मुरवली. सेंटर फॉरवर्ड मागे सरकला की त्याच्यावर नेमलेल्या सेंटर हाफची, म्हणजे मधल्या बचावपटूची, पंचाईत होते. मागोमाग गेला तर मधे भगदाड पडतं, जागेवर थांबला तर हा मोकळा सुटतो. पण त्या भगदाडात पास टाकायला मिळतो जेमतेम एक टच, आणि तो कुठल्या पायावर येईल ते आपल्या हातात नसतं. म्हणून कच्चा पाय आधी, डावपेच नंतर. मेलबर्नला भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचलेला तो पहिला आशियाई देश.

आता स्पर्धा प्रत्यक्षात कशी घ्यायची ते सांगतो. 12 वर्षांखालची मुलंमुली, एका बाजूला सात जण, मैदान साधारण 55 मीटर लांब आणि 35 मीटर रुंद, 15-15 मिनिटांचे दोन डाव, चार नंबरचा बॉल. पाच नंबर देऊ नका. कच्च्या पायाने जड बॉल उचलत नाही आणि पोरं पायाच्या टोकाने ठोसायला लागतात. चांगल्या पायात लाल स्टॉकिंग, कच्च्या पायात पांढरं. लाल पाय मुद्दाम बॉलला लागला की शिटी, आणि तिथूनच समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल धरत नाहीत ती. गोलकीपरला सूट. स्टॉकिंगचा रंग वेगळा ठेवला नाही तर पंचाला धावत्या खेळात काहीच कळत नाही आणि पहिल्या पाच मिनिटांत भांडणं लागतात.

बिघडतं कुठे, तेही माहीत असावं. उजव्या पायाचं पोरगं डाव्याने मारतं तेव्हा खरी चूक डाव्या पायात नसते, रोवलेल्या उजव्या पायात असते. त्या पायावर उभं राहून तोल सांभाळायची त्याला सवयच नसते. तो पाय बॉलच्या मागे हातभर पडतो, अंग मागे कलतं आणि बॉल बारवरून जातो. मास्तर ओरडतात, 'जोरात मार!' जोराने काही होत नाही. रोवलेला पाय बॉलच्या शेजारी, वीतभर अंतरावर, पंजा लक्ष्याकडे, गुडघा किंचित वाकलेला आणि छाती बॉलवर, एवढं बघितलं की पुरे. भिंतीपासून पाच मीटरवर उभं करून रोज 50 पास कच्च्या पायाने मारून घ्या. पहिले पंधरा दिवस उचलून मारू द्यायचं नाही.

बिनड्रिबलच्या सामन्यात दुखणं वेगळं. तिथे बॉलवाला अडकतो, कारण बाकीचे सहा जण उभे राहून बघत असतात. म्हणून शिकवायचं ते बॉल नसलेल्यांना: पास दिला की जागा सोडायची. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघणाऱ्याला हे पटेल. तिथे तीन जणांना चकवणाऱ्याला गॅलरी डोक्यावर घेते, आणि ते घ्यावंच. पण चौथा मोकळा उभा असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

तारखेबद्दल एक विनंती. 11 जूनला स्पर्धा ठेवू नका. तेव्हा शाळा नुकत्या उघडत असतात किंवा उघडायच्या असतात, आणि मृगाचा पाऊस पडला की मातीच्या मैदानात बॉल रुततो. चिखलात कच्च्या पायाचा खेळ म्हणजे निव्वळ घसरगुंडी, शिवाय गुडघे मुरगळतात. त्या दिवशी क्रीडाशिक्षकांचं एक दिवसाचं शिबिर घ्या. सामने दिवाळीनंतर, तालुका आणि जिल्हा पातळीवर. शेवटचे चार संघ मुंबईत कूपरेजवर आणा.

सुवर्णसंघातल्या जर्नैल सिंगची गोष्ट त्या शिबिरात जरूर सांगावी. जकार्त्यात थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. बचावफळीत उंच बॉल डोक्यावर घ्यावे लागतात, म्हणून साहेबांनी या कसलेल्या बॅकला सेंटर फॉरवर्ड केलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला, अंतिम सामन्यातही केला. साखळीत याच कोरियाने भारताला 2-0 ने हरवलं होतं. खेळाडू एकाच जागेपुरता घडवलेला नसेल, तरच असा बदल ऐन वेळी साधतो.

खर्चाचं म्हणाल तर बॉल आणि मैदान शाळांकडे आहेतच. लागतील ती दोन रंगांची स्टॉकिंग्ज, शिट्ट्या आणि प्रत्येक तालुक्याला दोन प्रशिक्षित पंच. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना परिपत्रक जूनच्या आधी गेलं, तर याच वर्षी दिवाळीनंतर पहिले सामने होऊ शकतात.

आपले,
मुंबई आणि कोल्हापूरचे फुटबॉलप्रेमी