बाबा, कॅमेरा कपाटातून खाली काढा

प्रिय आई-बाबा,

दोघांना नमस्कार. आई, हे तू मोठ्याने वाच, कारण बाबा स्वतः वाचणार नाहीत, रुसलेत ना. काल फोनवर म्हणालीस की गौरीजेवणाचे सगळे फोटो काळे आले म्हणून त्यांनी कॅमेरा बॅगेत कोंबून कपाटावर टाकून दिला, आणि वर ‘हे आपलं काम नाही, वय झालं आता’. वय वगैरे काही नाही, अर्धी चूक माझी आहे, ती पुढे सांगते.

मी ते ३१ फोटो एकेक करून बघितले. बरं झालं तू डॉक्युमेंट म्हणून पाठवलेस, नुसते व्हॉट्सॲपवर टाकले की कुठल्या सेटिंगला काढलाय ती माहिती गळून जाते. सगळ्या फोटोंवर तेच आकडे : मोड एम (म्हणजे सगळं हाताने ठरवायचं), शटर १/२०० सेकंद, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ ५.६, आणि आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १००. बाबा, हे आकडे ढगाळ दुपारी आपल्या इंदूरच्या रजवाड्यासमोर उभं राहून एकदम ठीक होते. आपल्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली साधारण १/१००, एफ २.८ आणि आयएसओ १६०० लागतं. आता हिशोब करा, तुम्हाला आवडतो तसा : शटरमुळे दुप्पट, ॲपर्चर ५.६ वरून २.८ म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) म्हणजे चौपट, आयएसओ १०० चं १६०० म्हणजे सोळापट. दोन चोक आठ, आठ सोळे एकशे अठ्ठावीस. म्हणजे १२८ पट उजेड कमी पडला, बिचाऱ्या कॅमेऱ्याने करायचं काय.

आणि हे एम कुठून आलं तेही मला कळलंय. नेहरू पार्कातल्या तुमच्या सकाळच्या मंडळींपैकी कोणीतरी सांगितलं की ऑटो काय पोरंसोरं वापरतात, खरा फोटोग्राफर एमवरच काढतो. मला हे अजिबात पटत नाही. एमवर कॅमेरा स्वतःहून काही बदलत नाही, फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये खाली एक पट्टी दाखवतो, मध्ये शून्य, एका बाजूला प्लस एका बाजूला मायनस, अगदी तुमच्या मीटरच्या काट्यासारखी, आणि ती बघून शून्यावर आणायचं काम आपलं. तुम्ही आयुष्य विद्युत मंडळात काढलंत, तुम्हाला काटा वाचता येत नाही असं कोण म्हणेल? पण ती पट्टी तुम्हाला दिसलीच नसणार, आणि इथे माझी चूक.

व्ह्यूफाइंडरच्या उजवीकडे, डोळा लावतो तिथेच, एक चिमुकलं चाक आहे, नखाने फिरेल एवढं. ते आपल्या नंबराप्रमाणे लावायचं असतं. मी चष्मा काढून बघायचे, म्हणून ते माझ्या मायनसवर अडकलेलं होतं आणि कॅमेरा तुम्हाला देताना मी विसरले. तुम्ही फेब्रुवारीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून म्हणताय की यातून धुरकट दिसतं, आणि मी आपली दरवेळी ‘लेन्स पुसा’ म्हणत राहिले!! सॉरी बाबा. कोऱ्या भिंतीकडे लेन्स धरा, शटर अर्धं दाबा, आणि आतले आकडे नि फोकसचे ठिपके कोरल्यासारखे दिसेपर्यंत ते चाक फिरवा. फोटोच्या फोकसला त्याने काही होत नाही, फक्त तुमच्या डोळ्याचं काम आहे.

मग वरची मोठी डायल ए वर ठेवा आणि तिथेच राहू द्या. पी वर कॅमेरा शटर आणि ॲपर्चर दोन्ही स्वतः ठरवतो, एस वर तुम्ही शटर सांगता, ए वर तुम्ही ॲपर्चर सांगता आणि शटर तो बघून घेतो. (कॅननवाल्याने टीव्ही, एव्ही म्हटलं तर गोंधळू नका, तेच एस आणि ए.) ए तुम्हाला नवीन नाहीच मुळी. तुमच्या त्या आगफा क्लिक थ्रीवर सूर्य आणि ढगाचं चित्र होतं ना, बारा फोटोंच्या रोलवाला कॅमेरा, काकाच्या मुंजीचे फोटो त्यातलेच. सूर्य म्हणजे भोक लहान, ढग म्हणजे भोक मोठं, ते ॲपर्चरच. इथे दोन चित्रांऐवजी आकडे आलेत आणि गंमत एवढीच की आकडा लहान तर भोक मोठं. अंगठ्याखालचं चाक फिरवलं की बदलतो.

गौरीच्या फोटोंची आणखी एक गोष्ट. समजा सगळं बरोबर असतं तरी मुखवटे काळपटच आले असते, कारण मागे आईने त्या पिवळ्या बल्बच्या माळा सोडल्या होत्या. कॅमेऱ्याला वाटतं जगात सगळं मध्यम राखाडी आहे. मागे दिवे दिसले की तो म्हणतो बाप रे किती उजेड आणि सगळंच अंधारं करून टाकतो, देवघरातला काळा विठोबा असला की उलटं करून त्याला राखाडी करतो. त्याला उपाय म्हणजे शटरच्या बटणाजवळ प्लस-मायनस लिहिलेलं छोटं बटण आहे, ते दाबून धरायचं आणि अंगठ्याचं चाक फिरवायचं. मुखवट्यांना प्लस एक, विठोबाला मायनस एक. काम झालं की शून्यावर आणा हं, कॅमेरा बंद केला तरी ते तसंच राहतं, मी एकदा सिरपूरच्या तलावावरचे सगळे बगळे पांढरेफट्ट करून आणलेत.

आता मुद्द्याचं. अनंत चतुर्दशीला चार दिवस आहेत आणि तुम्ही झांक्यांचे, गिरण्यांच्या त्या रोषणाईच्या चित्ररथांचे, फोटो काढायला जेल रोडवर जाणार होतात, ते रद्द करू नका. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली तरी तिची झांकी निघते आणि आपण घरी बसायचं? ३५ एमएमची छोटी लेन्स लावा, एफ २.८. मेनूत ऑटो आयएसओ चालू करा, जास्तीत जास्त ३२००, आणि त्याच्याच खाली किमान शटर विचारतो तिथे १/१००. हा १/१०० मी हवेतून नाही काढला. दिवे पन्नास हर्ट्झवर, म्हणजे सेकंदात शंभर वेळा उजळतात-मंदावतात, हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे जरा जास्तच झालं. १/१०० ला प्रत्येक फोटोत एक अख्खी उसळी येते, १/५०० ठेवलं तर एक फोटो लख्ख आणि दुसऱ्यात अर्धी झांकी विझलेली. जनरेटरही पन्नासवरच चालतो ना? रात्रीचं काळं आभाळ बघून कॅमेरा उजेड वाढवेल आणि दिव्यांचे नुसते पांढरे डाग होतील, म्हणून मायनस एक. अखाड्यावाल्यांची लाठी मात्र १/१०० ला पुसट येईल, येऊ द्या, मला तर ती तशीच आवडते.

फ्लॅश ए वर आपोआप उघडत नाही, तुम्हीही उघडू नका.

चार्जर जुन्या पंचांगांच्या ड्रॉवरमध्ये आहे. आई, बॅटरी आदल्या रात्री लाव आणि यांच्याबरोबर तूही जा, सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू (तो तळलेला कंद) अजून नसतील पण भुट्ट्याचा कीस मिळेल.

आणि हो, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, होते म्हणून त्या ३१ मधला एक मी कॉम्प्युटरवर ओढून ताणून उजळला. नुसते दाणे दाणे आलेत, छापण्यासारखा नाहीच. पण आई, तू पुरणपोळीवर तूप सोडतेयस, आणि कोणाकडे तरी बघून हसतेयस, बहुतेक कॅमेरा धरणाऱ्याकडे. तो मी ठेवून घेतलाय.

तुमची,
मिनू

ता.क. बाबा, ते चाक फिरवलं की मला लगेच फोन करा, आकडे स्वच्छ दिसतायत की नाही ते सांगा.